तिच्या बाजूची मॅट

गाडीच्या मॅट धुतल्या, ते आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. पुढच्या दोनच. मागच्या सीटवर त्या काळात कुणी बसतच नव्हतं, त्यामुळे तिथल्या कोऱ्याच होत्या.

कोरोनाच्या त्या फेब्रुवारीत बर्फ पडला होता. आमच्या या डच गावात, बाडहूव्हडॉर्पला, एवढा बर्फ मी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. खेमेन्तेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, गाड्या सारख्या मीठ फेकत फिरत होत्या. ते मीठ बर्फात मुरतं, त्याचा राखाडी रेंदा होतो, तो बुटाला चिकटतो आणि बुटातून गाडीत येतो. वाळला की मॅटवर पांढरी रेघ उठते. जिथवर पाणी पसरलं तिथवर रेघ. आमच्या मॅट काळ्या, कापडी. त्यावर ती रेघ लांबून दिसायची.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. गाडी जुनी, आम्ही जुने. जायचं कुठं, तर कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटला आणि अधूनमधून अ‍ॅमस्टेलव्हीनला, आपल्या दुकानात कढीपत्ता आणि पोहे आणायला. तिला मात्र चालायचं नाही. विमानतळाजवळच्या ऑफिसांत तिनं आयुष्यभर साफसफाई केली. जिथं तिथं डाग दिसायचे तिला.

"अहो, हे असं पांढरं पांढरं. कुणी गाडीत बसलं तर काय म्हणेल?"

"कोण बसणार आहे? घरात एका वेळी एकच पाहुणा, असा नियम आहे. आपला पोरगासुद्धा दारात पिशवी ठेवून पळतो."

"मी बसते ना. मी माणसात नाही का?"

 मी मॅट काढल्या, मागच्या अंगणात नेल्या आणि कडक ब्रश घेऊन घासायला लागलो. तिनं खिडकीतून बघितलं आणि तशीच स्लीपर घालून बाहेर आली.

"घासू नका! घासलं की मीठ आणखी आत जातं. द्या इकडं तो ब्रश. गाडी चालवायला येते म्हणजे सगळं येतं का?"

मग तिची पद्धत. निम्मं गरम पाणी, निम्मं अझाइन. अझाइन म्हणजे साफसफाईचं व्हिनेगर, इथं प्रत्येक घरात असतं. जुन्या फवाऱ्याच्या बाटलीत भरून तिनं मॅट आत स्वयंपाकघरात आणून ओल्या केल्या, थोडा वेळ तशाच ठेवल्या. मग वर जुना टॉवेल पसरला आणि मला म्हणाली, "उभे राहा यावर."

"मी?"

"मग कोण? एवढं वजन वाढवून ठेवलंय, कधी कामाला येणार ते?"

मी मोज्यांनी त्या टॉवेलवर उभा राहिलो. ती म्हणाली, नुसतं उभं राहू नका, पाय हलवा. म्हणून मी स्वयंपाकघराच्या मधोमध, टेबलाला धरून, जागच्या जागी कवायत केली. ती हसली. हसताना खोकली. त्या खोकल्याकडे माझं लक्ष गेलं नाही, कारण ती थंडीत नेहमीच खोकायची. टॉवेल उचलला तर त्यावर राखाडी पावलं उमटली होती, मीठ आणि मळ सगळा वर आलेला.

मॅट रेडिएटरवर टाकल्या. घरभर आंबट वास. संध्याकाळी बघितलं तर माझी मॅट साफ निघाली होती आणि तिच्या मॅटवर पुन्हा बारीक पांढरी रेघ आली होती.

"आली बघ परत. एवढी कवायत फुकट," मी म्हणालो.

"फुकट कशी? मीठ खाली मुरलेलं असतं. पाणी वाळताना ते घेऊन वर येतं. एकदा करून भागत नाही, दोनदा करावं लागतं. उद्या परत करू."

दुसऱ्या दिवशी तिला ताप होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी मलाही. मॅट मी तशीच गाडीत टाकली.

*

माझी थोडी ओळख सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मी शाळा चौथीत सोडली. कराडकडे टेम्पो चालवायचो. मग एका मोठ्या साहेबांकडे ड्रायव्हर लागलो आणि त्यांच्याबरोबर हेगला आलो. साहेब बदलून गेले, मी राहिलो. पुढे निवृत्त होईपर्यंत विमानतळावर माल चढवायचं काम केलं. पण मनातून मी ड्रायव्हरच. बायकोला इथं आणली तेव्हापासून ती जिथं गेली तिथं मी सोडली आणि मीच आणली. कामावर, डॉक्टरकडे, पोराच्या शाळेत, देवळात.

गाडी लावायची इथं फार कटकट. म्हणून मी तिला दारात उतरवायचो आणि म्हणायचो, "गाडी लावून आलोच." जन्मभर हेच वाक्य. आणि ती जिथं सोडली तिथंच उभी राहायची. दोन पावलं इकडे नाही, दोन पावलं तिकडे नाही. आत जाऊन बसायची नाही, कुणाला विचारायची नाही. एकदा हेगच्या बाजारात मला जागाच मिळेना. फिरून फिरून लांब कालव्यापलीकडे गाडी लावली आणि तिथून चालत आलो. बराच वेळ गेला होता, मधे पाऊस येऊन गेला होता. बाई त्याच खांबाजवळ उभी. पिशवी डोक्यावर, पदर भिजलेला.

"अगं, समोर दुकानाचं छत होतं की!"

"तुम्ही इथं सोडलंत ना? मी तिकडे गेले असते तर तुम्ही शोधत बसला असता."

रस्ते तिला कधी कळले नाहीत. गाडीत बसली की ती डोळे मिटायची. माझ्या गाडीत डोळे मिटायला मिळतात म्हणूनच बसते, म्हणायची. बोलायची एकच शब्द, "सावकाश." मी कितीही सावकाश चालवली तरी.

तिचा श्वास लागायला लागला तेव्हा हाउसआर्ट्सना, आमच्या घरच्या डॉक्टरांना, फोन केला. फोनवर तिचा श्वास ऐकूनच ते म्हणाले, लगेच हॉस्पिटलला न्या. अ‍ॅम्ब्युलन्स पाठवू का? ती खुणेनं नको म्हणाली. मग मला म्हणाली, "गाडी आहे ना दारात."

तिला पुढच्या सीटवर बसवली. पट्टा मीच लावला. तिला तो कधीच लावता आला नाही, कायम वाकून मीच लावायचो. तिनं खाली पायाशी बघितलं आणि म्हणाली, "राहिलंच हे." मॅटवरची ती रेघ. अंगात ताप, छातीत घरघर, आणि हिचं लक्ष मॅटवर.

हॉस्पिटलच्या दारात निळे कपडे घातलेली, तोंड झाकलेली दोन माणसं चाकाची खुर्ची घेऊन आली. त्यांनी तिला बसवली. मागे गाड्या थांबल्या होत्या. मी काच खाली केली आणि तिला म्हणालो, "गाडी लावून आलोच."

तिनं हात थोडा वर केला.

गाडी लावून आलो तर दारातच मला अडवलं. तुम्हालाही कोरोना आहे म्हणाले, आत येता येणार नाही, घरी जा, फोन करू. मी सांगून बघितलं. माझं डच कामापुरतं आहे, भांडण्यापुरतंही आहे. उपयोग झाला नाही. ती आत, मी बाहेर, मधे काचेचं दार. आत बघितलं तर ती दिसत नव्हती.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"गॅस बंद केलात का?"

"केला."

"गाडी कुठं लावलीत?"

"घरी आणली. आत सोडत नाहीत मला."

"घरी?" थोडा वेळ नुसता श्वास. "बरं."

आमचं शेवटचं बोलणं ते. नंतर तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, मग औषधानं झोपवून ठेवली. हॉस्पिटलमधून फोन पोराला जायचे, पोरगा मला सांगायचा. एक दिवस त्याचा फोन आला आणि तो नुसताच 'बाबा' म्हणाला. पुढचं त्याला बोलायची गरज पडली नाही.

जाळलं तेव्हाही मी घरात बंदच होतो, ताप उतरला नव्हता. मोबाइलवर बघितलं. टेबलावर साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला होता. लाकडी पेटी, पोरगा, सूनबाई आणि लांब लांब ठेवलेल्या रिकाम्या खुर्च्या. मधेच चित्र थांबायचं. पेटी आत गेली ते नेमकं मला दिसलं नाही. थांबलेलं चित्र पुन्हा हललं तेव्हा तिथं फक्त पडदा होता.

*

लोक विचारतात, दुःख कसलं होतं. कसलं म्हणजे? बायको गेली त्याचं. पण त्यात एक वेगळं टोचणं होतं. आपण तिला म्हणालो, आलोच. आणि गेलो नाही. तिची सवय मला माहीत. जिथं सोडली तिथं ती उभी राहणार. माणसं म्हणतात आत्मा जातो, वर जातो. जात असेल. पण हिला एकटीला कधी कोपऱ्यावरचं पोस्ट सापडलं नाही. ही जाणार कुठल्या रस्त्यानं? मला एवढंच कळायला हवं होतं की ती तिथून निघाली. बाकी कुणी काहीही सांगत होतं, ते माझ्या कानाच्या बाहेरच राहत होतं.

गावाकडून मेहुणीचा फोन रोज यायचा. बायकोची धाकटी बहीण. तिचा आवाज बायकोसारखाच, फक्त मोठा.

"दाजी, दिवा लावला का?"

"लावलाय. खिडकीत."

"आणि पीठ?"

आमच्याकडे अशी रीत आहे. माणूस जिथं गेलं तिथं दिवा लावायचा आणि जमिनीवर पीठ चाळून पसरायचं, अगदी सपाट. वर टोपली झाकायची. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठावर काय उमटलंय. पाखराचं पाऊल, गाईचं खूर, माणसाचं पाऊल. त्यावरून म्हणायचं, माणूस अमक्या जन्माला गेलं. माझ्या आईच्या वेळी घरातल्या बायकांनी पाखराचं पाऊल बघितलं होतं. मला तेव्हा ते उंदराचं वाटलं, पण मी काही बोललो नव्हतो.

"पीठ कुठं पसरू?" मी म्हणालो. "ती हॉस्पिटलात गेली. तिथं मला जिवंत बाई बघायला सोडलं नाही, पीठ चाळायला सोडतील?"

"तसं नाही हो. जिथं तुम्ही तिला शेवटची बघितली तिथं पसरा. दहाव्याच्या आत करा म्हणजे झालं. आणि सकाळी आंघोळ केल्याशिवाय बघू नका हं."

मी तिला शेवटची बघितली ती त्या खुर्चीवर, पण ती खुर्ची तर आत गेली. त्याच्याआधी गाडीत, माझ्या शेजारी.

माझी घरबंदी संपली त्या दिवशी अंधार पडायच्या आधी मी तिचा तांदळाच्या पिठाचा डबा काढला. घावनांसाठी दळून ठेवायची ती. तळाशीच थोडं होतं. चहाची गाळणी घेतली आणि गाडीकडे गेलो. गाडी आमच्या दारासमोरच असते, खिडकीतून दिसते. उजवीकडचं, म्हणजे इथं तिच्या बाजूचं, दार उघडलं, खाली वाकलो आणि तिच्या मॅटवर पीठ चाळलं. काळी मॅट, वर पांढरं. मिठाची रेघ त्याखाली झाकली गेली. वाटीच्या बुडानं हलक्या हातानं सपाट केलं. गुडघे बोलत होते, पण केलं. टोपली घरात नव्हती. म्हटलं, दार आहे, काचा आहेत, गाडीच टोपली समजायची. दार हळूच लावलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

शेजारची डच बाई कुत्रा घेऊन चालली होती. "गाडी साफ करताय?" तिनं लांबूनच विचारलं. हो म्हणालो. 

मी देवभोळा माणूस नाही. कुणी विचारलं असतं, यावर विश्वास आहे का, तर नाही म्हणालो असतो. पण त्या रात्री जेवण गेलं नाही. शाळेतल्या पोराला निकालाच्या आदल्या दिवशी होतं तसं झालं होतं. पाखराचं पाऊल असो, कशाचंही असो. नुसतं जरासं हललेलं पीठ दिसलं असतं तरी मला चाललं असतं. ती तिथून निघाली, गाडीपर्यंत आली, एवढं कळलं असतं.

*

सकाळी उठलो. खिडकीतून गाडीकडे बघायचंसुद्धा टाळलं. मेहुणीनं सांगितलं होतं, आधी आंघोळ. डोक्यावरून पाणी घेतलं, धुतलेला सदरा घातला, दिव्याला हात जोडले आणि चावी घेऊन दार उघडलं.

समोर पोरगा उभा होता. दुपारी यायचा होता, सकाळीच आला. हाताच्या बाह्या वर केलेल्या, एवढ्या थंडीत. त्याच्याकडे गाडीची दुसरी चावी असते. माझ्या गाडीचं उजवं दार सताड उघडं, शेजारी त्याचा हातात धरायचा छोटा व्हॅक्यूम. आणि तिची मॅट दारातल्या सायकलच्या हँडलवर वाळत घातलेली, खाली टपटप पाणी.

"झालं बघा बाबा," तो म्हणाला. "म्हटलं तुम्ही उठायच्या आत करून टाकू."

"काय केलंस?"

"मॅट. तुम्ही रात्री सोडा टाकून ठेवला होता ना? तो आधी व्हॅक्यूमनं ओढून घेतला. मग अझाइनचं पाणी मारलं."

"सोडा?"

"बेकिंग सोडाच ना तो? वास जायला टाकतात. मीही टाकतो आमच्या गाडीत."

माझा पोरगा इथं वाढला. आइंडहोव्हनला चिप बनवायच्या मशीनवर मोठा इंजिनिअर आहे. ही रीत त्याला कुणी कधी सांगितलीच नाही, इथं सांगायची वेळच आली नव्हती. त्याला पांढरी पूड म्हणजे सोडा. आमच्या गावाकडच्या पोरानं ती बघून चप्पल काढली असती.

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

"ओढून घ्यायच्या आधी बघितलंस का तू?"

"काय?"

"तो... सोडा. सपाट होता का?"

"सपाट म्हणजे? सगळीकडे पसरलेला होता."

"कुठं दबलेला, उमटलेला?"

त्यानं आठवून बघितलं. "दाराच्या बाजूला जरा दबला होता वाटतं. तुमचाच हात लागला असेल. नाहीतर दार उघडताना माझा. का?"

"किती दबला होता? केवढा?"

"बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. मला त्या सहज येतात, टेम्पोच्या धंद्यातला माणूस मी. व्हॅक्यूम उचलून रस्त्यावर फेकावा असं वाटलं. म्हणालो, "तुला कुणी सांगितलं होतं रे हे करायला? न विचारता?"

त्यानं मान खाली घातली. एवढा मोठा बाप्या, त्याच्या डोक्यात केस पांढरे व्हायला लागलेत, पण तो तसाच उभा राहिला जसा लहानपणी राहायचा.

"आईनं," तो म्हणाला.

"काय?"

"आईनं सांगितलं होतं. झोपवायच्या आधी तिला फोन लावून दिला होता नर्सनं. मला वाटलं काहीतरी मोठं सांगेल. ती म्हणाली, 'ती माझ्या बाजूची मॅट राहिलीय. बाबा घासून घासून तिची वाट लावतील. तू गेलास की नीट कर. दोनदा कर, एकदा करून परत येतं.' एवढंच." त्यानं बाही डोळ्याला लावली. बाहीला अझाइन लागलेलं, त्यामुळे डोळा आणखी चुरचुरला. "मी रोज म्हणत होतो करू, करू. तुमच्या घरात येता येत नव्हतं. म्हटलं आज पहिलं हेच काम."

आता बोला. रागवायचं कुणावर? मी रात्री पीठ पसरून तिच्या खुणेची वाट बघत बसलो, आणि तिनं पोराला आधीच सांगून ठेवलं होतं, मॅट साफ कर. तिच्या घावनांचं पीठ मी गाडीत उधळलेलं तिनं बघितलं असतं ना, तर आधी मला झोडपला असता.

मी पोराला काही सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. हे छापून आलं तरी तो मराठी वाचत नाही. सूनबाईंनी वाचून दाखवलं तर दाखवलं.

"चांगली निघालीय," मी म्हणालो. "आत चल. चहा टाकतो."

खिडकी उघडी ठेवून, टेबलाच्या दोन टोकांना बसून आम्ही चहा प्यालो. दुपारी खिचडी टाकली, मीठ जास्त पडलं. पोरगा मुकाट्यानं खात होता. मग एकदम म्हणाला, "अजून एक म्हणाली होती."

"काय?"

"म्हणाली, 'सोडतील तेव्हा बाबांना गाडी घेऊन यायला सांग. टॅक्सी नको. मी दारातच थांबते.'"

मी चमचा खाली ठेवला. "हे आता सांगतोस?"

"कसं सांगणार होतो, बाबा? तुम्हीच सांगा. कधी सांगणार होतो?"

त्याचंही बरोबर होतं. मी त्याला आणखी खिचडी वाढली. खारट होती तरी त्यानं संपवली.

नऊनंतर रस्त्यावर फिरायला बंदी होती, म्हणून तो दिवेलागणीलाच निघाला. जाताना ओली मॅट आणून रेडिएटरवर टाकून गेला. तो गेल्यावर घर असं काही शांत झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. मग मेहुणीचा फोन.

"काय उमटलं, दाजी?"

"काही नाही. पोरानं सोडा समजून साफ करून टाकलं."

 "अगं बाई. मग परत पसरा."

"पीठ संपलं."

"दुकानातलं चालतं हो."

"चालत असेल. पण मी आता नाही पसरत. ती कुठं आहे ते मला कळलं."

"कुठं आहे?"

"दारात," मी म्हणालो. तिला वाटलं माझं डोकं ठिकाणावर नाही. जपा म्हणाली, काहीतरी खाऊन घ्या म्हणाली, आणि फोन ठेवला.

*

सकाळी उजाडल्यावर रेडिएटरवरची मॅट बघितली. रेघ परत आली होती. बारीक, दाराच्या बाजूला. एकदा करून भागत नाही, ते खरंच होतं.

पाणी गरम केलं. निम्मं पाणी, निम्मं अझाइन. बाटली सिंकखालीच होती, तिनं ठेवली तिथंच. मॅट ओली केली, तशीच राहू दिली, तोवर चहा घेतला. मग टॉवेल पसरला, टेबलाला धरलं आणि वर उभा राहिलो. नुसता उभा राहिलो नाही, पाय हलवले. एकटाच, मोज्यांनी, स्वयंपाकघराच्या मधोमध. मधेच टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ थांबलो. मग पुन्हा हलवले.

रेडिएटरवर वाळेपर्यंत दुपार झाली असती. म्हणून तिचा केस वाळवायचा ड्रायर काढला आणि त्यानं मॅट वाळवली. अगदी कोरडी होईपर्यंत. खिडकीशी नेऊन उजेडात बघितली, पालथी करून बघितली. रेघ नव्हती.

मॅट गाडीत घातली. तिची सीट झटकली. पाठ टेकायला ती एक छोटी उशी ठेवायची, ती सरळ केली, आणि निघालो.

बर्फ वितळून गेला होता. पावसानं रस्ते धुतले होते, मीठ कुठं राहिलं नव्हतं. हॉस्पिटलकडे मी नेहमीच्याच रस्त्यानं गेलो. दारासमोर, जिथं तिला उतरवलं होतं नेमकं तिथंच, गाडी उभी केली. तिथं गाडी लावायला बंदी आहे. या वेळी लावायला गेलोही नाही. उतरलो, पलीकडे गेलो आणि तिच्या बाजूचं दार उघडं धरून उभा राहिलो.

पिवळं जाकीट घातलेला माणूस आला. तोंडावर मास्क, पण डोळे बरे वाटले.

"मेनीर, इथं थांबता येत नाही. कुणाला घ्यायला आलात का?"

"बायकोला."

त्यानं काचेच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग उघड्या सीटकडे. त्याला काय कळलं ते मला माहीत नाही. "बरं," तो म्हणाला, "पण फार वेळ नको." आणि मागच्या गाडीला हातानं बाजूनं जा म्हणून सांगायला गेला.

काचेचं दार उघडत होतं, मिटत होतं. माणसं येत होती, जात होती. मी म्हणालो, "आलो गं. उशीर झाला. चल." मोठ्यानं म्हणालो. मराठीत कोण ऐकणार होतं तिथं?

तिला चढायला जेवढा वेळ लागायचा तेवढा थांबलो. मग दार लावलं, माझ्या बाजूला येऊन बसलो, वाकून तिचा पट्टा ओढला आणि लावला. आरशात बघितलं. पिवळ्या जाकिटवाल्यानं हात वर केला.

गाडी सुरू केली आणि सावकाश चालवली.